घटस्फोटानंतर : आईची पोटगी आणि लेकरांचा हक्क

(मंडळाच्या वतीने नारायणगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाने आम्हास दोन शब्द बोलण्याची संधी दिली आणि विषयही आमच्यावर सोपविला, त्याबद्दल प्रथम आभार. आम्ही वकील नाही आणि पुढारीही नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनाची नोकरी धरली आणि काउंटरच्या आतल्या बाजूस बसून आमची अनेक वर्षे गेली. तेव्हा घटस्फोट आणि पोटगी या विषयावर आम्ही का बोलावे, असा प्रश्न आपणांस पडेल. त्याचे उत्तर असे की, संसार मोडला की भांडण कोर्टात जाते, परंतु पैसा शेवटी बँकेतच येतो. तो किती येतो, किती महिने येतो, कधी बंद होतो आणि कोणाच्या नावाने येतो, हे खिडकीतून दिसते. कोणाचे नाव-गाव सांगणे आमच्या नोकरीच्या नियमात बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही. म्हणून माणसे बाजूला ठेवून आज केवळ प्रश्न मांडतो.

प्रश्न छोटा आहे. नवरा-बायको कायद्याने वेगळे झाले. बायकोला द्यावयाची पोटगी आणि मुलांना द्यावयाची पोटगी, ही एकच गोष्ट की दोन? आमचे म्हणणे असे की, या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि त्या एकत्र बांधल्या गेल्या की नुकसान बहुतेक वेळा लेकराचे होते. आजचे सारे बोलणे या एका वाक्याचा विस्तार आहे.

शब्द एक, देणी दोन

घोटाळ्याची सुरुवात आपल्या भाषेतच आहे. बायकोला मिळते तीही पोटगी आणि लेकराला मिळते तीही पोटगीच. कोर्टाच्या आवारात कोणी 'खावटी' म्हणतात, पण तोही शब्द दोघांसाठी एकच. त्यामुळे पंचांच्या बैठकीत प्रश्न निघतो तो असा : "पोटगी किती ठरली?" उत्तर येते एका आकड्यात. "तीन लाख, एकदाच." सर्वांना हायसे वाटते, चहा येतो आणि कागदावर सह्या होतात. त्या तीन लाखांत आईचे किती आणि चार वर्षांच्या मुलीचे किती, हे कोणी विचारत नाही.

विद्यार्थी मित्रांनी वहीत गणित मांडून पाहावे. मुलगी चार वर्षांची आहे. अठरा वर्षांची होईपर्यंत चौदा वर्षे, म्हणजे १६८ महिने. तीन लाख भागिले १६८ केले की महिन्याला सुमारे १,७८६ रुपये येतात आणि तेही दोन जीवांना मिळून. रक्कम मोडली नाही आणि सहा टक्क्यांनी ठेवली असे धरले, तर महिन्याला व्याज दीड हजार. दुसरीकडे महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर बारा वर्षांत वस्तूची किंमत दुप्पट होते. म्हणजे मुलगी दहावी-बारावीला पोचेल, वह्या-पुस्तके, एस.टी.चा पास, शिकवणी, सारे वाढेल, तेव्हा त्या व्याजाची किंमत आजच्या साडेसातशे रुपयांएवढी उरेल. एका आकड्याची तडजोड तोंडाने मोठी वाटते, ती अशी विरघळते.

कायदा काय म्हणतो

आपल्या काही बांधवांचा असा समज आहे की, आपण बौद्ध आहोत, तेव्हा हिंदू विवाह कायदा आपणांस लागू नाही. हा समज बरोबर नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २ बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तो कायदा लावते. बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायदा असावा ही मागणी आहे आणि तो वेगळ्या चर्चेचा विषय आहे. परंतु आज कोर्टात उभे राहताना हाच कायदा हाती घ्यावा लागतो.

या कायद्याशी आपले नाते परके नाही. घटस्फोट, पोटगी, वारसा यांत स्त्रीला हक्क देणारे हिंदू कोड बिल बाबासाहेबांनी कायदामंत्री म्हणून मांडले, ते रखडले आणि त्यांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याच्या कारणांत हे बिल प्रमुख होते. पुढे त्याचेच तुकडे करून १९५५ आणि १९५६ मध्ये चार कायदे झाले. त्यांतला दत्तक व निर्वाह कायदा २१ डिसेंबर १९५६ रोजी झाला, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर अवघ्या पंधराव्या दिवशी. मुलाबाळांचे पालनपोषण हे बापावर आणि आईवर कायद्याने बंधनकारक आहे, असे त्या कायद्याचे कलम २० सांगते. ज्या हक्कासाठी बाबासाहेबांनी पद सोडले, तो हक्क आपल्या बैठकीत आपणच एका सहीने संपवावा, हे आम्हास बरे वाटत नाही.

आता कलमांकडे लक्ष द्यावे. विवाह कायद्यात आईची आणि लेकराची वाट मुळातच वेगळी आखली आहे. कलम २४ हे खटला चालू असतानाच्या पोटगीचे, कलम २५ हे कायमच्या पोटगीचे. ही दोन्ही नवरा-बायकोंपुरती आहेत. मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण यांसाठी वेगळे कलम २६ आहे. त्या कलमाखाली न्यायालय निकालानंतरही वेळोवेळी आदेश करू शकते, बदलू शकते. म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा झाला म्हणून मुलाचा प्रश्न मिटत नाही. मूल वाढते, खर्च वाढतो आणि कायद्याने त्यासाठी दार उघडे ठेवले आहे.

दुसरी वाट फौजदारी न्यायालयाची. पूर्वी तिला '१२५ चा अर्ज' म्हणत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच कलम आता १४४ झाले आहे. लोकांच्या तोंडी अजून १२५ आहे, हरकत नाही, पण अर्जावर १४४ लिहावे लागते. ही वाट गरिबांसाठी आहे. आपल्या भागातील भगिनींना यासाठी पुण्याच्या कुटुंब न्यायालयात हेलपाटे घालावे लागत नाहीत, ती जिथे राहते तेथील न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जुन्नर तालुक्यात जुन्नरच्या कोर्टात, अर्ज करता येतो. घटस्फोटित पत्नी पुन्हा लग्न करीत नाही तोवर तिलाही या कलमाखाली मागता येते. आणि मूल औरस असो वा अनौरस, कलम दोघांना सारखेच पोटाशी धरते.

आता या विषयाचे मर्म. पत्नीचा हक्क कोणत्या कारणांनी जाऊ शकतो, हे कायद्याने सांगितले आहे. तिने पुन्हा लग्न केले, ती व्यभिचारात राहत आहे असे सिद्ध झाले, ती स्वतःचे पोट भरण्यास समर्थ आहे असे दिसले, तर तिची पोटगी नाकारली वा थांबविली जाऊ शकते. परंतु यांतले एकही कारण लेकराला लागू नाही. आईने दुसरा संसार मांडला म्हणून बाप बाप राहत नाही काय? नवरा-बायकोचे नाते हुकूमनाम्याने तुटते. बाप-लेकीचे नाते तोडणारा हुकूमनामा कोणत्याही कोर्टात मिळत नाही.

नागपूरचा निकाल

या संदर्भात आपल्याच महाराष्ट्रातील एक खटला प्रत्येकाने ऐकून ठेवावा. नागपूरच्या कुटुंब न्यायालयात एका पत्नीने स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी अंतरिम पोटगी मागितली. न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आदेश दिला. पत्नीला १ सप्टेंबर २०१३ पासून दरमहा १५,००० रुपये. मुलाला त्याच तारखेपासून ५,००० रुपये आणि १ सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये. नवरा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, तेथे त्याचे म्हणणे २०१८ मध्ये फेटाळले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी 'रजनेश विरुद्ध नेहा' या नावाने सर्व देशाला लागू होणारा निकाल आला.

या आदेशाची मांडणी पाहावी. आईची ओळ वेगळी आणि मुलाची ओळ वेगळी. आईचा आकडा तसाच राहिला, मुलाचा आकडा ठरलेल्या तारखेला दुप्पट झाला. दोन ओळी असल्यामुळेच हे होऊ शकले. एकच वीस हजारांचा आकडा असता, तर मुलाचा खर्च वाढला म्हणून वाढ कशात मागायची, हेच ठरले नसते.

त्या निकालाने चार गोष्टी ठरवून दिल्या. पहिली, दोन्ही पक्षांनी आपली मिळकत आणि देणी शपथपत्रावर सांगितली पाहिजेत. दुसरी, पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी, निकालाच्या तारखेपासून नव्हे. तिसरी, एकाच माणसाविरुद्ध दोन-तीन कायद्यांखाली अर्ज केले असतील तर आधी मिळालेली रक्कम सांगावी, म्हणजे न्यायालय ती धरून पुढचा आदेश करील. यात बापावरही अन्याय होत नाही. चौथी गोष्ट लेकराची. मुलाचा खर्च म्हणजे केवळ भाकरी नव्हे. कपडे, राहणे, औषधपाणी, शिक्षण हे सारे त्यात येते. शिक्षणाचा खर्च सर्वसाधारणपणे बापाने करावा, आई पुरेसे कमावती असेल तर दोघांनी ऐपतीप्रमाणे वाटून घ्यावा.

ही वाटणी कशी असते याचे उदाहरण त्याआधीचे आहे. २००० साली एका प्रकरणात आई आणि बाप दोघेही नोकरदार होते. सर्वोच्च न्यायालयाने दोन मुलांच्या खर्चाचे दोन वाटे बापाने आणि एक वाटा आईने उचलावा, असे सांगितले. म्हणजे "ती कमावते, मग मी मुलाला कशाला देऊ?" हा युक्तिवाद चालत नाही. तिच्या कमाईमुळे तिची स्वतःची पोटगी कमी होईल, प्रसंगी मिळणारही नाही. मुलाच्या खर्चातही तिचा वाटा धरला जाईल. पण बापाचा वाटा शून्य होणार नाही.

मोठ्या घरांतही हाच न्याय आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात पत्नीला एकरकमी पाच कोटी आणि मुलासाठी वेगळे एक कोटी देण्याचा आदेश केला. मुलगा तर सज्ञान आणि शिकलेला होता. कोटींचे हिशेब आपले नव्हेत. पण कोटी असोत की हजार, ओळी दोन मांडायच्या, हे तेथूनही शिकण्यासारखे आहे.

दोन्ही देणी एकमेकांना कोठे स्पर्श करतात

वेगळी आहेत म्हणजे त्यांचा एकमेकींशी काहीच संबंध नाही, असे मात्र नाही. खिसा एकच असतो. महिना वीस हजार मिळविणाऱ्या माणसावर म्हातारे आई-वडील आहेत, कर्जाचा हप्ता आहे, कदाचित दुसरा संसारही आहे. न्यायालय हे सारे पाहून एकूण किती पेलेल याचा अंदाज घेते आणि मग वाटणी करते. म्हणून आईचा आकडा ठरताना मुलाचा आकडा आणि मुलाचा ठरताना आईचा, हे शेजारी ठेवूनच पाहावे लागतात.

दुसरे, लेकरू जिच्याजवळ राहते तिची कमाई लेकरामुळे कमी होते. टोमॅटोच्या हंगामात खुडणीला जाणारी बाई तान्हे मूल घेऊन पूर्ण रोज भरू शकत नाही. हे तिचे नुकसान मुलाच्या खर्चात कोठेच दिसत नाही, ते तिच्या पोटगीत धरले पाहिजे. आणि तिसरे, आईच्या घराचे छप्पर तेच मुलाचे छप्पर. भाडे कोणाच्या ओळीत घालायचे, हे आधी बोलून घ्यावे. असे स्पर्श आहेत म्हणूनच हिशेब नीट मांडावा लागतो. उसाचे बिल आणि दुधाचे बिल एकाच खात्यात जमा होते, म्हणून ऊस आणि दूध एक होत नाही.

येथेच एक जुनी चूक सांगावीशी वाटते, ती समाजाची. बाप म्हणतो, "पोरगं भेटू देत नाही, मग पैसे कशाचे?" आई म्हणते, "पैसे देत नाही, मग पोरगं कशाला दाखवू?" दोन्ही बाजूंनी लेकरू तारण ठेवले जाते. बँकेत सोने तारण ठेवतात, दागिन्याला त्याचे दुःख नसते. भेट हा लेकराचा हक्क आहे आणि पालनपोषण हाही लेकराचाच. एक अडला म्हणून दुसरा अडवू नये. भेट नाकारली जात असेल तर त्यासाठी न्यायालयात वेगळा अर्ज आहे. लेकराची फी बंद करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

"उत्पन्नच नाही" असे म्हणणाऱ्यांसाठी

आपल्या जुन्नर-आंबेगावकडे पगाराची स्लिप असलेली माणसे थोडी. बहुतेकांचे उत्पन्न शेतीचे, दुधाचे, बाजाराचे, गाडीच्या भाड्याचे. कोर्टात उभे राहिले की पाच एकर बागाईत असलेला गृहस्थही सांगतो, "साहेब, काही पिकत नाही." यावर इलाज कागदाचा. सातबारा आणि आठ-अ मिळतात. विघ्नहर कारखान्याला ऊस गेला असेल तर त्याचे बिल बँकेत जमा होते. नारायणगावच्या बाजारात माल गेला की आडत्याची पट्टी मिळते. दूध संस्थेचा पगार ठरलेल्या दिवशी होतो. नागपूरच्या त्या निकालाबरोबर शपथपत्राचे नमुने दिले आहेत, त्यांत शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. जमीन किती, पीक कोणते, जनावरे किती, कर्ज कोणाचे, हे सारे त्यात विचारले आहे. खोटे शपथपत्र करणे हा गुन्हा आहे, हे समोरच्यालाही ठाऊक असते.

जमीनही नाही, नोकरीही नाही, असे म्हणणाऱ्यालाही २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले आहे. धडधाकट पुरुषाने अंगमेहनत करून का होईना, बायको-मुलांना पोसले पाहिजे. आपले वाडवडील दगड फोडून, रोजगार हमीवर जाऊन मुलांना शिकवीत आले. त्यांच्या नातवांना हे नवे वाटू नये.

वसुलीचेही दोन शब्द. दंडाधिकाऱ्यांचा आदेश मोडला तर थकलेल्या रकमेसाठी वॉरंट निघते आणि प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून देणे फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच सांगितले आहे. मात्र एक खाचखळगा आहे. या वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. "देईल आज ना उद्या" म्हणून तीन वर्षे थांबणाऱ्या भगिनी हा सोपा मार्ग गमावतात. म्हणून दोन-तीन महिने थकले की अर्ज करावा.

पगारदारांच्या बाबतीत दिवाणी कायद्याचे एक कलम आमच्या कामाशी संबंधित आहे. साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात पगारातले पहिले एक हजार आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो. पण हुकूमनामा पोटगीचा असेल तर केवळ एक तृतीयांश पगार सुरक्षित राहतो. आम्ही बँकेचे नोकर आहोत, तरी आनंदाने सांगतो, कायद्याने बँकेच्या हप्त्यापेक्षा लेकराची भाकरी वरच्या पाटावर बसविली आहे.

स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी

आता मंडळातील ज्येष्ठांची क्षमा मागून थोडे स्पष्ट बोलतो. आपल्याकडे अजूनही शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहिली जाते. नोटरीचा शिक्का बसला की लोकांना वाटते घटस्फोट झाला. रूढीने चालत आलेली फारकत कायद्याने मान्य होऊ शकते, परंतु तशी रूढी त्या समाजात आहे हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. ते झाले नाही तर तो केवळ कागद. नंतर केलेले दुसरे लग्न धोक्यात येते आणि त्या लग्नाची मुलेही वादात सापडतात. दोघांची संमती असेल तर कायद्यातच १९७६ पासून संमतीच्या घटस्फोटाची सोय आहे. त्या वाटेने जावे.

त्या स्टॅम्पपेपरवर आणखी एक वाक्य हमखास असते : "माझा व माझ्या मुलांचा पोटगीचा कोणताही हक्क राहिला नाही." आई अशी सही का करते? माहेरचे थकलेले असतात, तिला सुटका हवी असते आणि समोर रोख रक्कम ठेवलेली असते. परंतु आई सोडील तर स्वतःच्या हक्काचे सोडील. लेकराचे लेकराला विचारल्याशिवाय कोण सोडणार? आणि चार वर्षांच्या मुलीला विचारणार तरी कसे? आईने लिहून दिले तरी मुलाचा हक्क बुडत नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितले आहे. तेव्हा असे वाक्य लिहिणाऱ्याने आणि त्याखाली साक्षीदार म्हणून सही करणाऱ्यानेही विचार करावा.

आपल्या जुन्नरच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. तेथील शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याच्या नोंदी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनी ठेव कोणाकडे आणि कशासाठी हे दगडात कोरून ठेवले. आपल्याला कागदावर दोन वेगळ्या ओळी लिहिण्याचा कंटाळा का यावा?

तडजोड लिहिताना पाच गोष्टी

भांडणापेक्षा तडजोड बरी, हे आम्हासही मान्य आहे. म्हणून तडजोड करू नका असे न सांगता, ती कशी लिहावी ते सांगतो. वकिलांना दाखवूनच अंतिम करावी.

पहिली गोष्ट, आईची रक्कम आणि प्रत्येक मुलाची रक्कम वेगळ्या परिच्छेदात, मुलाचे नाव आणि जन्मतारीख घालून लिहावी.

दुसरी, आईची पोटगी एकरकमी घेतली तरी चालेल, दोघांनाही नव्याने जगता येते. मुलाची मात्र शक्यतो दरमहा असावी आणि वाढती असावी. दरमहा ३,००० रुपये ठरले आणि दरवर्षी आठ टक्के वाढ लिहिली, तर नऊ वर्षांनी ती रक्कम सुमारे सहा हजार होते. वाढ लिहिलेली नसेल तर प्रत्येक वेळी नवा अर्ज आणि नवा वकील.

तिसरी, मुदत लिहावी. १४४ कलमाखाली मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याची पोटगी सामान्यतः थांबते, अपंगत्व असेल तर गोष्ट वेगळी. अठराव्या वर्षी पोरगा बारावीत असतो. म्हणून पदवी किंवा आय.टी.आय. पूर्ण होईपर्यंतचा शिक्षणखर्च तडजोडीतच लिहून घ्यावा. अविवाहित मुलीला स्वतःचे पोट भरता येत नसेल, तर १९५६ च्या निर्वाह कायद्याखाली सज्ञान झाल्यावरही बापाकडे मागता येते. २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले, मात्र त्यासाठी अर्ज त्या कायद्याखाली करावा लागतो.

चौथी, खाती दोन असावीत. आईचे तिच्या नावाने आणि मुलाचे मुलाच्या नावाने, अ.पा.क. म्हणून आई. 'बापाची सही लागेल' असे सांगून कोणी परत पाठविले तर सांगावे की, आई पालक म्हणून अज्ञान मुलाचे खाते उघडू शकते. नैसर्गिक पालक म्हणून आईच्या स्थानाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली निकाल दिला आहे आणि तो खटला मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यावरूनच निघाला होता. रक्कम रोखीने घेऊ-देऊ नये. खात्यात भरलेला पैसा देणाऱ्याचाही पुरावा असतो आणि घेणारीचाही. "मी दर महिन्याला हातात दिले" आणि "मला एक पैसा मिळाला नाही" ही दोन वाक्ये आम्ही इतक्या वेळा ऐकली आहेत की, खरे कोणाचे हे देवालाही सांगता येणार नाही. पासबुक मात्र सांगते.

पाचवी, आईने पुन्हा लग्न केल्यास केवळ तिची पोटगी थांबेल, मुलाची चालू राहील, हे वाक्य स्पष्ट शब्दांत घालावे. या एका वाक्याने पुढची कित्येक भांडणे वाचतात आणि तरुण वयात एकटी पडलेली बाई "लग्न केले तर पोराचे पैसे बंद होतील" या भीतीने आयुष्यभर अडकून राहत नाही.

खर्चाची भीती बाळगू नये. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातींच्या व्यक्तींना विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा. पोटगी आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत महाराष्ट्र शासनाने १९९४ पासून स्त्रियांना कोर्ट फी माफ केली आहे. आणि लग्न झाल्याबरोबर ग्रामपंचायतीत त्याची नोंद करून दाखला घ्यावा. बौद्ध पद्धतीने लागलेले लग्न पुढे नाकारले जाऊ लागले, म्हणजे या दाखल्याची किंमत कळते.

विद्यार्थ्यांसाठी

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कित्येकांना वाटत असेल, हा विषय आमचा नव्हे. पण तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेलच, जिची फी दर सत्राला उशिरा भरली जाते आणि कारण ती सांगत नाही. तिला हे सांगा की, बापाकडून येणारा पैसा ही भीक नाही, आईवरचा उपकारही नाही, तो तिचा स्वतःचा हक्क आहे. आणि मुलांनो, उद्या तुम्ही नवरे व्हाल, बाप व्हाल. संसार टिकावा हीच आमची सदिच्छा. तो नाही टिकला तर नवरेपणाचा राजीनामा देता येतो, बापपणाचा देता येत नाही, एवढे ध्यानात ठेवा. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी आई-बापांची जी कर्तव्ये सांगितली, त्यांत मुलाला वाईटापासून आवरणे, पोट भरण्याची विद्या शिकविणे आणि योग्य वेळी त्याचा वाटा त्याच्या हाती देणे ही आहेत. आई-बापांचे पटत असेल तरच, अशी अट त्यात नाही.

शेवटी मंडळाकडे एक मागणे मागतो. मंडळाच्या बैठकीत संसाराची प्रकरणे येतात आणि ती यावीत, कारण कोर्टाआधी समाजाने समजूत घालावी हेच चांगले. पण यापुढे मंडळाच्या साक्षीने जी तडजोड होईल, तिच्यात लेकरांची ओळ वेगळी असल्याशिवाय कोणाही पदाधिकाऱ्याने साक्षीची सही करू नये, असा ठराव करावा. या ठरावाला पैसा लागत नाही, इमारत लागत नाही, शासनाची परवानगी लागत नाही. 'आईला इतके आणि लेकराला इतके' असे दोनदा लिहायचे, एवढेच काम. ज्या बैठकीत दोन्ही बाजूंचे वकील बोलतात, मामा बोलतात, चुलते बोलतात, त्या बैठकीत लेकरू बोलत नाही. त्याच्या बाजूने मंडळाने एक ओळ लिहावी.